पर्समध्ये मावणारं पिस्तूल

“सेफ्टीचा पॅरा उडवलास तू?” उत्कर्षाने केबिनच्या दारातूनच विचारलं.

यशोधनने स्क्रीनवरची नजर काढली नाही. “अगं, क्लायंटला रिपोर्ट हवाय, प्रवचन नको. पाच मिनिटांत कॉल आहे. बस.”

ती बसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या या ऑफिसात यशोधन तिचा साहेब. काम मार्केट रिसर्चचं, आणि सध्याचा क्लायंट म्हणजे पिस्तुलं बनवणारी एक जुनी परदेशी कंपनी. त्या कंपनीची दणकट पिस्तुलं पोलिसांच्या कमरेला पिढ्यान्‌पिढ्या लटकली. पण आता गिऱ्हाइकाला छोटं, चपटं, जवळ बाळगता येईल असं हवं होतं आणि तो बाजार नव्या कंपन्यांनी केव्हाच खाऊन टाकला होता. उत्कर्षाने स्पष्ट लिहिलं होतं, की स्वस्त आणि बारीक होण्याच्या शर्यतीत तुम्ही हरणार. तुमच्या पिस्तुलाला सेफ्टीची कळ आहे, ती लावली की चाप ओढूनही गोळी सुटत नाही. बाकीच्यांनी ती काढून टाकली. तुम्ही ठेवा, आणि तेच सांगून विका.

हे काही तिला आकड्यांनी शिकवलं नव्हतं. सिंगापुरात खऱ्या पिस्तुलाचं नावच नको, नकली आणायचं तरी परवानगीची भानगड. म्हणून तिने लिटिल इंडियातून कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणली, पिस्तुलाच्या मापाने कापली आणि पर्समध्ये घालून आठवडाभर हिंडली. पर्स जड होत नाही, हे कळलं. आणि एका संध्याकाळी तिच्या चार वर्षांच्या लेकीने, इराने, चॉकलेट शोधता शोधता ती वडी बाहेर काढून तोंडाला लावली, हेही कळलं. साबण होता म्हणून थू थू करण्यावर भागलं.

यशोधनने रिपोर्टमध्ये पहिलं ठेवलं होतं, दुसरं उडवलं होतं.

कॉल सुरू झाला. “पर्सची आयडिया कुणाची?” पलीकडच्या गोऱ्या साहेबाने खूश होऊन विचारलं.

“उत्कर्षाची,” यशोधनने तिला कॅमेऱ्यासमोर घेतलं. “ती स्वतः आई आहे.”

“माझ्या मुलीनेच ते पर्समधून काढलं,” उत्कर्षा म्हणाली. “चार वर्षांची आहे. प्लीज, सेफ्टीची कळ काढू नका.”

पलीकडच्या साहेबाने मान डोलावली. “म्हणजे छोट्या हातांनाही सहज निघतं. व्हेरी गुड. पुढे?”

छोटे हात! जणू चमचे विकायचे होते. आणि यशोधनने ते टिपूनही घेतलं.

कॉल संपताच ती म्हणाली, “रिपोर्टवरून माझं नाव काढ.”

“वेडी आहेस का? प्रमोशन तोंडावर आलंय तुझं. आपण नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहील.”

“लिहू दे. मला लाज वाटते. तुला वाटत नसेल तर तुझं ठेव.”

तो नाव काढेपर्यंत ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. मग जागेवर येऊन तिने डबा उघडला. शेवटच्या घासापर्यंत पोळी संपवली.