धोंडूबाईचा डावा हात

मुंबईहून कोणी संशोधक आलं की माझ्या कपाळाला आठी पडते. येतात, आमच्या माणसांना सुया टोचतात, कागद भरतात आणि जातात. २००३ साली भातकापणीच्या दिवसांत रेश्मा गोजर मी नर्स आहे त्या दवाखान्यात आली, तेव्हाही मी तिला चहा विचारला नाही. बाई आमच्या शेजारच्या किन्हवलीचीच निघाली, तरी नाही.

तिचं यंत्र एवढंसं. कातडीवर दिव्याची टिकली चिकटवायची आणि शेजारून केसाएवढी तार आत सरकवायची. मांसातून तारेपर्यंत किती उजेड पोचतो, त्यावरून आत रक्त खेळतंय की नाही ते आकड्यात दिसे. चिरफाड काही नाही.

चौथ्या दिवशी आटगावकडची धोंडूबाई आली. कापणी करताना घोणस डसली होती. लस दिली, पण सकाळपर्यंत डावा हात सुजून काळानिळा झाला. सर्जन म्हणाले, "आतलं मांस मेलं असेल तर हात काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल."

धोंडूबाईने माझा पदर धरला. "वत्सलाबाय, हात नको गो तोडू. मेले तरी चालंल."

रेश्माने यंत्र लावलं. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे आत रक्त खेळतच नाही. तीनदा बघितलं, तीनदा तेच. सर्जन तयारीला गेले. मी हात पुसायला घेतला आणि भडकलेच.

"अहो बाई, डोळे आहेत ना? तिच्या गोंदलेल्या तुळशीवर चिकटवलीत टिकली!"

माझा राग तुळशीसाठी होता. रेश्माचा मात्र चेहरा उतरला. "सुजेत दिसलंच नाही मला. ही शाई उजेड पिते, सिस्टर. मुंबईत कॉलेजच्या पोरांवर तपासलं, त्यांना कुठलं गोंदण?" तिने टिकली आणि तार दोन बोटं बाजूला घेतली. आकडा हळूहळू चढला.

गुपचूप नवा आकडा सांगता आला असता. ती थेट ऑपरेशनच्या खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मघाचे तिन्ही आकडे चुकीचे. चूक माझी आहे."

"मग हा तरी खरा कशावरून?" सर्जन तडकले.

मी तिच्या मागोमाग आलेच होते. मी माझा हात पुढे केला. माझ्या हातावरही आईने लहानपणी गोंदवून घेतलंय. "माझ्यावर लावा. मी तर जिती आहे ना?"

गोंदणावर माझाही आकडा शून्याजवळ आला, बाजूला भरपूर. सर्जननी दोन्ही आकडे कागदावर उतरवून घेतले. मग म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबतो. आकडा पडला तर कापणार."

रेश्मा तिथून हलली नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत होती आणि प्रत्येक वेळी धोंडूबाईला सांगत होती, "हाय गो, जिता हाय." इतकी शिकलेली बाई, पण चूक कबूल करायला लाजली नाही. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? चहा मी स्वतः नेऊन दिला.

आकडा पडला नाही. हात राहिला.

बाराव्या दिवशी घरी निघताना धोंडूबाईने रेश्माला जवळ ओढलं, तिच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. दोन्ही हातांची.