बारावी चालू ठेवण्याचा ठराव

आमच्या घरात बारावी आली तेव्हा ती माझी आहे असा माझा समज होता. थोड्याच दिवसांत कळलं की ती सगळ्या घराची आहे, माझ्याकडे फक्त अभ्यासाचं खातं आहे.

आधी टीव्ही गेला. मग पाहुणे गेले. मग आवाज गेला. आई भांडी अशी ठेवायला लागली, जणू ती आत्ताच झोपी गेली आहेत. बाबांना शिंक आली की ते गच्चीकडे धावायचे. गच्ची बरीच वर असल्यामुळे बहुतेक शिंका वाटेत, लोकांच्या दारांसमोर व्हायच्या. पण लोकांनी कधी तक्रार केली नाही. "घरात बारावी आहे त्यांच्या," असं म्हणून ते उलट पाणी विचारायचे.

फायदे हळूहळू लक्षात आले. आत्या दर सुट्टीत आमच्याकडे मुक्काम ठोकायची आणि आईच्या कपाटाची फेररचना करून जायची. आईने तिला फोनवर कुजबुजत सांगितलं, "वन्सं, या वर्षी घरात बारावी आहे हो." पलीकडून आत्याही कुजबुजली, "अगं बाई! मग नकोच." फोन ठेवून आईने माझ्याकडे ज्या मायेनं पाहिलं, त्या मायेनं तिने मला पाळण्यातही पाहिलं नसेल.

बाबांची बदली ठरली होती. साहेबांसमोर उभं राहून ते म्हणाले, "घरात बारावी आहे, सर." साहेबांच्या घरी आदल्या वर्षी होऊन गेली होती. त्यांनी बदलीचा कागद स्वतःच्या हाताने फाडला आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

मग हा फायदा बिल्डिंगभर पसरला. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्तीनंतर ट्रम्पेट शिकत होते. काकूंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. "खाली बारावी आहे, कळत नाही का तुम्हाला?" त्या दिवसापासून काकू मला जिन्यात दिसल्या की माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. सेक्रेटरी काकांनी तर सोसायटीची निवडणूकच पुढे ढकलली. सभेत आरडाओरडा होतो, तो पोरीच्या कानावर पडायला नको. तोवर जुनी कमिटी, म्हणजे ते स्वतः, नाइलाजाने काम बघणार होते.

या सगळ्यात माझा अभ्यास कसा चाललाय हे कुणी विचारलं नाही. घर इतकं शांत होतं की मला माझ्याच पोटाची गुरगुर ऐकू यायची, आणि तीही माझ्याकडून काहीतरी अपेक्षा करतेय असं वाटायचं. क्लासमध्ये सर म्हणायचे, "हे वर्ष म्हणजे आयुष्य." मला सतरा वर्षं झाली होती, त्यामुळे आधीची सोळा काय होती हे विचारावंसं वाटायचं. पण शंका फक्त विषयाच्याच विचारायच्या असा नियम होता.

शेवटी परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मी पास झाले. गाजावाजा करावा असे मार्क नव्हते, पण मला हवे तेवढे होते. मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. त्याचं कॉलेज दुसऱ्या गावात होतं, हॉस्टेल होतं, यादीत माझं नाव होतं. शुक्रवारपर्यंत पालकांच्या सहीसकट कागद पोचले नाहीत तर जागा पुढच्या नावाला जाणार होती. तेवढी एक सही मला हवी होती.

"पास झाले," मी मोठ्याने सांगितलं.

"हळू!" आई दचकली.

"आता का हळू? संपली बारावी."

बाबा खुर्चीत बसले. "संपली म्हणजे?" ते म्हणाले. "पूर्णच?"

संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. "टिंगू, तुझ्यात याच्यापेक्षा जास्त क्षमता आहे. एक वर्ष गॅप घे. परत बस परीक्षेला."

"पण मला हवं तिथे मिळतंय, बाबा."

"तिथे काय, दगड शिकणार?"

"हो."

"दगड कुठे पळून जाताहेत? वर्षभर थांबतील." दगडांच्या स्वभावाबद्दल बाबांचं म्हणणं बरोबर होतं.

"आई, तू तरी सांग ना!"

आईने पदराशी चाळा केला. "आत्याचा फोन येऊन गेला. निकाल कळलाय तिला. बॅग भरायला काढलीये म्हणे." मग तिने डोळे पुसले. "मी तुझ्या भल्यासाठीच म्हणते हो."

गुरुवारी दारात शिष्टमंडळ आलं. पुढे सेक्रेटरी काका, मागे वरच्या काकू. सवयीने दोघंही चपला हातात घेऊन आत आले.

"अभिनंदन, बेटा," सेक्रेटरी दुखवट्याच्या आवाजात म्हणाले. "पण सोसायटीच्या दृष्टीने तू जरा घाई केलीस."

"पास व्हायची?"

"तसं नाही गं. बिल्डिंगला वळण लागलं होतं. कुणी कुणावर ओरडत नाही, दारं आपटत नाही, खर्चाचा हिशोब मागत नाही..."

"हे नवीन ट्रम्पेट बघायला गेलेत," काकू मध्येच म्हणाल्या. काकूंचे 'हे' म्हणजे काका. त्या रडवेल्या झाल्या. "मोठा घेणारेत. एकच वर्ष, राणी. वाटलं तर तुझा अभ्यास मी करते."

मी सगळ्यांकडे पाहिलं. ही माणसं दुष्ट नव्हती. त्यांना शांतता हवी होती आणि ती माझ्या वर्षातून कापून घ्यायची होती, एवढंच. मार्क, क्षमता, करिअर हे सगळं वरून लावलेलं होतं. मग मला मार्कांवर वाद घालण्यात अर्थ वाटेना.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला घरात परीक्षा हवी आहे. ती माझीच असली पाहिजे असं कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आई, बाबांच्या ऑफिसात बढतीची परीक्षा असते ना? दर वर्षी?"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. "ती... ती ऐच्छिक असते."

"पास होईपर्यंत कितीही वेळा बसता येतं," मी म्हटलं.

सेक्रेटरींनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. "कितीही वेळा?"

"अहो, या वयात मी काय अभ्यास करणार?" बाबा म्हणाले. "माझं लक्ष लागत नाही, पाठांतर राहिलेलं नाही, आणि मुख्य म्हणजे मला आवड नाही त्या विषयाची!"

"आवड नंतर येते," आई म्हणाली. हे वाक्य मी वर्षभर ऐकलं होतं, पण ते दुसऱ्याला लागताना पहिल्यांदाच पाहिलं. "आणि तुमच्यात क्षमता आहे. तुम्ही मेहनत करत नाही."

"तुम्ही फक्त अभ्यास करा हो," काकू म्हणाल्या. "बाकी आम्ही बघतो."

"तुमच्याच ऑफिसातले, आपल्या तळमजल्यावरचे," सेक्रेटरी म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी पास झाले. ते काही फार हुशार नाहीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची कीव आली. पण शुक्रवार जवळ होता. ठराव एकमताने मंजूर झाला. बाबांचं मत विचारायचं राहून गेलं, पण ज्याची परीक्षा त्याचं मत विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

आईने उभ्या उभ्या फोन लावला. "वन्सं, अहो काय सांगू, घरात परीक्षा आहे. तुमच्या भावाची!" पलीकडून आत्या इतक्या मोठ्याने रडायला लागली की काकूंनी तिलाही हळू रडायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी बाबा माझ्या टेबलाशी बसले होते. आईने दाराला बाहेरून कडी घातली होती.

"सही हवी आहे," मी म्हटलं.

"दोन मिनिटं," आई म्हणाली. "गप्पा मारू नकोस. त्यांचा पहिला धडा व्हायचाय अजून."

मी आत गेले. बाबांनी कागद घेतले आणि एक शब्दही न वाचता सगळीकडे सह्या केल्या. जिथे नको होती तिथेही केल्या. मग दाराकडे बघत माझा हात धरला.

"टिंगू, तुला... वर्षभर असंच वाटायचं?"

"कसं?"

"छातीवर कुणी बसल्यासारखं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"हळू बोलायचं होतं ना, बाबा. ऐकू गेलं नसेल."

बाहेरून आईने दार वाजवलं. बाबांनी घाईने पुस्तक उघडलं. ते उलटं होतं. मी ते सरळ करून दिलं, कागद पिशवीत घातले आणि बस चुकू नये म्हणून धावत सुटले.