थांबलेला हात

"काय रे, सकाळी सकाळीच लावून आलास का?" तोंडाला फेस लागलेलं गिऱ्हाईक म्हणालं आणि अख्खं सलून हसलं.

दादाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. त्याचा हात थरथरतो तो गोळीने. हे सलूनच्या मालकांना, म्हणजे आमच्या सख्ख्या काकांना, चांगलं ठाऊक. तरी त्यांनी त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि वर गिऱ्हाईकाचीच माफी मागितली. बाकावर बसलेलो मी नुसता जळत होतो.

गोळीच्या आधी दादाची झोप उडाली होती. गल्लोगल्ली सलूनं काढणार म्हणत याने आरसे काढून रस्त्यावर मांडले, येणाऱ्याजाणाऱ्याची फुकट दाढी करत सुटला. मग एकदम विझला. कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून. आई घास भरवायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रसायनांचा तोल जातो, ही गोळी तो सावरते. हात जरा थरथरेल, पण मनाने बंद करायची नाही.

काका सोयीस्कर विसरले. आईला म्हणाले, पोरगा बरा झालाय, आता वस्तरा गेला तर खाणार काय? आई घाबरली. गोळी रोज तीच त्याच्या हातावर ठेवायची. तिने त्या गोळीऐवजी स्वतःची हाडांची गोळी ठेवायला सुरुवात केली. तीही पांढरीच. दादाला पत्ता नाही, मलाही नाही.

हळूहळू हात थांबला. वस्तरा परत मिळाला. काका खूश, गिऱ्हाईकं खूश, मीसुद्धा. दादा शीळ घालायला लागला, उजाडायच्या आत सलून उघडायला लागला. बरा माणूस असाच असतो, असं वाटलं आम्हाला. डोंबल.

रविवारी तेच थट्टेखोर गिऱ्हाईक खुर्चीत होतं. अर्धी दाढी झाली आणि दादा थांबला. हात समोर धरून बघत राहिला. जराही हलत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, माझ्या गोळीचं काय केलंत?"

काका हसले. "तुझ्या आईला विचार. पण हात बघ की कसा झालाय."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. दादाने मला कोपराने मागे सारलं. उरलेली दाढी सावकाश पूर्ण केली, तुरटी फिरवली, वस्तरा पुसून मिटला आणि काकांच्या हातात ठेवला.

"हात हलला तर गिऱ्हाईक जाईल. डोकं हललं तर मी जातो, काका."

तिथून तो थेट डॉक्टरांकडे गेला.

आता आईच्या हातून तो गोळी घेत नाही. स्वतः काढतो, स्वतः ग्लास भरतो. ओठांपर्यंत नेताना पाणी सांडतं. आई फडकं घेऊन उठते.

"बस तू," तो म्हणतो. आणि खाली वाकून फरशी स्वतः पुसतो.