कच्च्या टाक्याचा दिवा

टेलरबाईंचे कान हळूहळू रुसत चालले होते. कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते लावलं की शिट्ट्या वाजत, म्हणून ते कपाटात आराम करत होतं. कामात बाई पूर्वीइतक्याच पक्क्या. अडचण एवढीच की मशीन खिडकीशी, बाईंची दाराकडे पाठ, आणि गिऱ्हाईक दार ठोठावून ठोठावून परत जायचं. मशीन फिरवावं तर उजेड पाठीमागे आणि सुईत दोरा ओवायची बोंब.

एकदा दवाखान्यातली नर्स तयार कपडे न घेताच परत गेली आणि वाटेत बाईंच्या धाकट्या भावाला गाठून तक्रार करून मोकळी झाली. भाऊ आला तो तावातावानेच.

"ताई, पुरे झालं आता. दुकान बंद कर नि चल माझ्याकडे. दोन घास सुखाने खा."

"आणि दिवसभर काय करू? तुझ्या शर्टाची बटणं मोजू?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी भावाने अट घातली. रविवारी सकाळी तो येणार. हाक मारणार नाही, फोन करणार नाही. तो दारात आलाय हे बाईंना आपणहून कळलं तर दुकान चालू. नाही कळलं तर बोजा-बिस्तरा बांधायचा. बाई रागाच्या भरात "ठीक आहे" म्हणाल्या आणि तो गेल्यावर पस्तावल्या. दुकान गेलं तर त्या कुणाची ताई आणि कुणाची आत्या तेवढ्या उरणार होत्या. टेलरबाई संपल्या असत्या, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटत होती.

घरचा भेदी निघाली ती भावाचीच मुलगी. शनिवारी ती पिशवीभर तारा घेऊन हजर झाली.

"आत्या, कान साथ देत नाहीत ना? मग डोळ्यांनी ऐक," बाईंच्या समोर बसून ती मोठ्याने म्हणाली आणि तिने भोकाभोकांची एक पांढरी पट्टी पुढे केली. "हा ब्रेडबोर्ड."

"नाव पावाचं नि रूप चाळणीचं!"

भाचीने समजावलं. आडव्या ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली, त्यामुळे एका ओळीत खुपसलेल्या तारा एकमेकींना भेटतात. वीज सेलमधून निघते. रेझिस्टर तिचा जोर कमी करतो. मग ती इवल्याशा दिव्यातून दाराबाहेर लावलेल्या बटणाकडे जाते आणि परत सेलकडे येते. बटण दाबलं की रस्ता पुरा होतो आणि दिवा लागतो.

"आणि चुकलं तर?"

"उपटायचं नि परत खुपसायचं. इथे काहीच कायमचं नसतं."

"म्हणजे कच्चा टाका," बाई म्हणाल्या. त्यांना जरा धीर आला.

भाचीने दिवा लावून दाखवला आणि लगेच बोर्डावरचं सगळं उपटून टाकलं. दाराला बटण आणि भिंतीवरून आलेल्या दोन लांब तारा तेवढ्या ठेवल्या. "आता तू लाव. मी लावून दिलं तर एक तार निघाली की मलाच शोधत बसशील. आणि हे बघ, दिव्याचा लांब पाय सेलच्या अधिकच्या बाजूला. वीज ह्याच्यातून एकाच दिशेने जाते."

रविवारी सकाळी बाईंनी चहा झाल्या झाल्या बोर्ड पुढ्यात घेतला. रेझिस्टर बसला, तारा बसल्या. पण एक पाय लांब नि एक आखूड, त्यामुळे दिवा काही केल्या सरळ उभा राहीना. कापडाला दोरा लोंबताना दिसला तरी बाईंचा जीव खालीवर व्हायचा. जुनी कात्री हाताशी होतीच. कच्! दोन्ही पाय सारखे झाले. दिवा कसा झोकात बसला.

बाई दाराशी गेल्या, बटण दाबून मागे वळून पाहिलं. दिवा ढिम्म. सेल काढून घातले, तारा दाबल्या, परत बटण दाबलं. काही नाही. भाऊ कुठल्याही क्षणी येणार होता. मशीनशी परत येऊन बसताना त्यांचे डोळे भरून आले. ह्या वयात नसता उपद्व्याप कुणी सांगितला होता, असं त्यांना वाटलं.

मग भाचीचं बोलणं आठवलं. लांब पाय! बाईंनी कपाळावर हात मारला. अतिशहाणपणा नडला होता. आता लांब कुठला आणि आखूड कुठला, कसं ओळखणार?

पण बाही उलटी लागली म्हणून कुणी बाही फेकून देत नाही. उसवायची, फिरवायची, परत लावायची. आणि इथे बाजू तरी किती, दोनच! बाईंनी दिवा उपटला, फिरवला आणि खुपसला.

दिवा लागला.

बाई आनंदायच्या ऐवजी वैतागल्या. बटण न दाबताच लागला? आता ही काय नवी भानगड? तार उपटायला हात पुढे केला तोच दिवा विझला. परत लागला, परत विझला, परत लागला. क्षणभर बाई बघतच राहिल्या आणि मग धडपडत दाराकडे धावल्या.

दारात भाऊ उभा होता, अंगठा बटणावर.

"हे नवं बटण कधीचा दाबतोय! निघालोच होतो मी."

"मग उघडलं ना दार? का भुताने उघडलं?"

भावाने आत जाऊन मशीनशेजारचा दिवा निरखला. मग बाहेर गेला, आत बघण्यापुरती फट ठेवून दार ओढून घेतलं. बाई मशीनवर बसल्या. दिवा लागला, दाराकडे न बघताच त्यांनी हात वर केला. परत लागला, परत हात वर. थांबायचं नावच घेईना तो.

"पुरे रे," बाई कापड पुढे सरकवत ओरडल्या, "गिऱ्हाइकांना सेल उरू देत!"