गुंतवळाची पिशवी

केसांच्या दवाखान्यात गुंजन मॅडमने इंद्रकुमारच्या कपाळावर निळ्या पेनने रेघ ओढली आणि आरसा त्याच्या हातात दिला.

"यहाँ तक केस येतील. बघून घ्या."

इंद्रकुमार बघत राहिला. रेघेपासून टाळूपर्यंत जवळजवळ सगळं मोकळं होतं. रविवारी सडक अर्जुनीहून मुलीकडचे येणार होते. मागच्या ठिकाणी त्यानं टोपी काढली, तेव्हा मुलीच्या काकानं चहा अर्धाच पिऊन कप खाली ठेवला होता. तेव्हापासून तो घरातही टोपी काढत नव्हता.

त्याचा बाप दुधराम मागे, पिशवी काखेत धरून उभा होता. त्याच्या मनात गोष्ट सरळ होती. बायको शामकला गेली, दहाव्याला पोरानं डोकं भादरलं, आणि समोरचे केस काही परत आले नाहीत. मागे आले, कानांवर आले. आईनं नेले, असं चिचगडला गावातल्या बायाही म्हणत. नेले तर तिनंच द्यावेत, असं त्याला वाटे. म्हणून तर पिशवी आणली होती.

मॅडमने सगळं समजावून सांगितलं. एक औषध होतं, रोज चोळायचं; थांबवलं की केस पुन्हा जाणार. दुसरं ऑपरेशन. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे.

"म्हंजे परे उपटून रोवणाच," दुधराम म्हणाला.

मॅडम फुलचूरची होती, तिला धानाचे परे म्हणजे रोपं, आणि त्यांची रोवणी ठाऊक होती. ती हसली. तसंच, म्हणाली, पण लावलेले केस आधी गळतात, मग नवे फुटतात, वर्ष जातं. ते ऐकून इंद्रकुमारनं आरसा उलटा ठेवला. मग तिनं तिसरं सांगितलं. बारीक जाळीवर केस विणलेले असतात, ती जाळी डोक्यावर चिकटवायची. ते त्याच दिवशी होतं. फक्त मधे जे थोडे केस उरलेत, ते भादरावे लागतील.

दुधरामला त्यातलं एकच कळलं.

"त्या जाळीतले केसं कोणाचे रायतेत?"

"असलीच असतात, अंकल. कोणी देवाला दिलेले, कोणी विकलेले. बाया गुंतवळ देतात ना, तेही."

दुधरामनं पिशवीची गाठ सोडली. शामकला विंचरून झालं की फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळायची आणि कोनाड्यातल्या या पिशवीत कोंबायची. केसांवर भांडी देणारी बाई आली की एखादी वाटी पदरात पडायची. शेवटच्या उन्हाळ्यात नागपूरचं कॅन्सरचं औषध सुरू झालं आणि फणी लावली की मूठभर केस हातात येऊ लागले. तेही तिनं ठेवले. आता वाटी नाही, मोठं गंजाचं भांडं येईल, म्हणायची. ती गेल्यावर भांडीवाली आली, तेव्हा दुधरामनं तिला दारातूनच परत लावलं होतं.

"बा, हे कायले आणलं?" इंद्रकुमारनं वळून विचारलं.

"तुया आईचे हायेत. ह्या केसायचीच जाळी करा म्हणतो."

मॅडम हसली नाही. तिनं केस बोटात धरून पाहिले. गुंतलेले आहेत, कच्चे झालेत, आणि पुरणारही नाहीत, असं हळू सांगितलं. गाठ तिनंच परत मारली. मग विचारलं, केस जायला कधी लागले?

"दहाव्यापासून," दुधरामनं सांगून टाकलं.

इंद्रकुमार खाली बघत होता. मॅडमने जुना फोटो मागितला. त्यानं मोबाइलमधून दिवाळीचा फोटो काढून दिला. शामकला दिवा घेऊन उभी, वेणी खांद्यावरून पुढे आलेली, आणि बाजूला तो.

"ये तो पहले से है. हे बघा, दोन्ही कोपरे गेलेलेच आहेत."

दुधरामनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला. कोपरे खरंच गेलेले होते.

"घरात कोणाला टक्कल आहे?"

दुधरामनं टोपी काढली. त्याचे केस पांढरे, पण दाट होते.

"मामाले हाय," इंद्रकुमार म्हणाला. "आईकडच्या आज्यालेही होतं."

"मग आईकडून आलं असेल. होतं तसं."

"म्हंजे तिनं नेले नाईत?" दुधरामनं विचारलं.

मॅडमला प्रश्न कळला नाही. विचार करून सांगा, म्हणून ती बाहेर गेली.

"बा, सांग ना. कोणतं करू?"

गाडीवर येताना सगळ्या वाटेनं दुधराम म्हणत आला होता, कोणतंही कर पण करून घे. आता तो पोराच्या डोक्याकडे बघू लागला. त्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता. शेवटी शेवटी शामकला अंगणात बसायची आणि डोक्यावरचा पदर घसरायचा. केस गेलेलं तिचं डोकंही कानांच्या वर असंच गोल दिसे, मधे जरासं उचललेलं. एवढे दिवस दोन्ही डोकी त्यानंच पाहिली होती, पण सारखी आहेत हे आजच दिसलं.

त्यानं बाटलीतल्या पाण्यानं दुपट्ट्याचं टोक भिजवलं आणि पोराच्या कपाळावरची निळी रेघ पुसू लागला.

"बा, ते पुसून काऊन राहिला? मॅडम पुन्हा काढन."

"काढू दे," दुधराम म्हणाला. "तोवर माले पाहू दे."