कामून थांबलाव?

मी कॅसेट बोलतेय. जरा घरघरत बोलतेय, तेवढं सांभाळून घ्या. हे वयाचं नव्हे, वापराचं दुखणं आहे. उदगीरच्या दुकानात कोऱ्या कॅसेटांच्या ढिगात मी पडून होते. माझ्या कितीतरी बहिणींच्या नशिबी सिनेमाची गाणी आली. मला हुलसूरच्या गुंडेरावांनी नेलं आणि माझं सोनं झालं.

गुंडेराव आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे गायक. एरवी शेतात मजुरी, भीमजयंतीला स्टेजवर. एकच गाणं ते ठाणाकुशनूरला एका तऱ्हेने म्हणायचे, हुलसूरला दुसऱ्याच. ढोलकीवाला नरसिंग वैतागायचा, "दादा, काल असं न्हवतं की!"

"कालची माणसं आज हायत का?" गुंडेराव म्हणायचे.

चौऱ्याऐंशीच्या जयंतीला त्यांच्या मुलाने, हरिबाने, टेपरेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवून लाल बटण दाबलं. माझ्यात सगळंच शिरलं: खोकले, रडणारी पोरं, कर्ण्याची शिट्टी. विहिरीचं गाणं ऐन रंगात आलं आणि गुंडेराव पुढची ओळच विसरले. ढोलकी नुसती वाजत राहिली. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून त्यांची बायको भागाबाई ओरडली, "कामून थांबलाव? म्हणा की!"

माणसं खो खो हसली. गुंडेरावांनी मात्र तो शब्द वरच्या वर झेलला. "पाणी एकच, तर आमची घागर लांब कामून?" असा त्यांनी सूर लावला. मग नुसतंच "कामून". एकदा रागाने, एकदा लहान पोराने विचारावं तसं, एकदा इतक्या हळू की नरसिंगने बोटं जवळजवळ उचललीच. हसणारी माणसं गप्प झाली. तसं ते पुन्हा कधी गायले नाहीत. पुढच्या वर्षी काविळीने गेले.

मग भागाबाई रोज भाकरी थापताना मला लावायची. शेजारणी चुलीपाशी येऊन बसायच्या. "आता रागाचा येतोय बघ," एक म्हणायची. "मला त्यो हळूचा आवडतो," दुसरी म्हणायची. कुठला कामून चांगला, यावर भाकरी करपेपर्यंत भांडायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

हरिबा बिदरला नोकरीला लागला. बापाचं नाव व्हावं म्हणून मला कॅसेटच्या दुकानात घेऊन गेला. त्याची तळमळ खोटी नव्हती. दुकानदार चनमल्लप्पा कानाला हेडफोन लावून म्हणाला, "आवाज लई भारी हाय, अण्णा. पर मधीच ही कोण बाई वरडायलीय? आन् हे कामून कामून लई लांबलंय. काढून टाकू, साफ करू."

ती बाई आपली आई, हे हरिबाने सांगितलंच नाही. ओशाळून म्हणाला, "काढा."

साफ प्रती निघाल्या आणि मी भागाबाईकडे परत आले. पुढच्या जयंतीला त्यातलीच एक हुलसूरच्या कर्ण्यावर लागली. विहिरीचं गाणं आलं, तशी भागाबाई पदर सावरून बसली. ओळ चुकायची जागा आली आणि ती ओरडली, "कामून थांबलाव? म्हणा की!"

पण तिथे कुणी थांबलंच नव्हतं. गाणं सरळ पुढे निघून गेलं होतं.

"अक्का, गप बसा की, गाणं चालू हाय," मागून एक पोरगी म्हणाली.

घरी येऊन भागाबाईने हरिबाला एवढंच विचारलं, "माझा आवाज काढलास, काढ बाबा. त्येंचा कामून कामून काढलास रे?"

आता तो सगळा प्रसंग फक्त माझ्यापाशी उरलाय. माझी फीत नेमकी तिथेच झिजलीय, कारण तेवढंच भागाबाई मागे घेऊन पुन्हा पुन्हा ऐकते. ऐकलं की मी झिजते. ऐकू नका म्हणायला जीव होत नाही.

परवा भागाबाईची ती हाक माझ्यातून निघालीच नाही. नुसती घरघर झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "कामून थांबलाव? म्हणा की!"

आणि गुंडेराव गायले.

पण भागाबाई आता थकलीय. ती नसेल त्या दिवशी, बाबांनो, तुमच्यापैकी कुणीतरी माझ्याजवळ असा. मी तिथे येऊन घरघरले की तेवढं ओरडा. गुंडेरावांना वाटू नये, समोर कुणीच नाही.