पुढची सीट

क्लबात तिला सगळे गोगलगाय म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. छोटं विमान जमिनीवर चालवताना ती माणसाच्या चालीहून जास्त वेग घेत नसे, शिकणाऱ्यांनाही घेऊ देत नसे. "वर आपटायला काही नसतं," ती म्हणे. "इथं खांब आहेत, गाड्या आहेत, माणसं आहेत." वारा समोरून असेल तर विमान सांभाळायचा हातातला दांडा वाऱ्याच्या बाजूला, पाठीमागून असेल तर वाऱ्यापासून दूर आणि पुढे, हे ती इतकं घोकून घेई की तिचे विद्यार्थी कॅन्टीनमध्ये चमचा हातात धरूनही तेच करून दाखवत आणि हसत.

क्लब वडिलांनी उभा केलेला. ते गेल्यावर दादा मालक झाला आणि ती मुख्य शिक्षिका. मालकी त्याची आणि राबणं तिचं, पण तिची कधी तक्रार नव्हती. दादा उडवायचाही छान. मग एका तपासणीत डॉक्टरांनी त्याला डोळ्यांवरून नापास केलं आणि त्याचं उडणं थांबलं. तेव्हापासून तो कुणाशी धड बोलेना. एखाद्या नवशिक्याचं उतरणं चांगलं झालं, तरी याच्या कपाळाला आठ्या.

त्या दुपारी क्लबात पाहुणे आले होते. शहरातली बडी मंडळी, सभासद होतील अशी आशा होती. दादानं त्यांच्यासाठी वडिलांचं जुनं विमान बाहेर काढायला लावलं. दोन माणसांचं विमान, एकामागे एक बसायचं. तिसरं चाक शेपटाखाली, त्यामुळे जमिनीवर त्याचं नाक वर असतं आणि आत बसलेल्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून ते चालवायचं नागमोडी. थोडं डावीकडे वळायचं, खिडकीतून पुढचं बघून घ्यायचं, मग उजवीकडे.

दादा येऊन सरळ मागच्या सीटवर बसला. विमान चालवणाऱ्याची सीट तीच. पायातले ब्रेक फक्त तिथंच.

"दादा, हे काय?" ती म्हणाली.

"उडवत नाही गं. पेट्रोलच्या पंपापर्यंत नेतो आणि आणतो. मग तू घे आणि पाहुण्यांना फिरव."

"जमिनीवर चालवायलाही—"

"जमिनीवर काय व्हायचंय? बस पुढे."

पाहुणे बघत होते. थोरल्या भावाला चारचौघांत खाली उतरवायचं कसं? ती पुढे बसली.

विमान हललं तेव्हा वारा पाठीमागून येत होता, त्यामुळे ते आपसूकच पळत होतं. दादानं ब्रेक लावला नाही. उलट इंजिनाचा आवाज चढवला.

"हळू," ती म्हणाली. मग ओरडून, "दादा, वळव! पुढचं काही दिसत नाहीये!"

"पाहुण्यांसमोर दारुड्यासारखं वाकडंतिकडं चालवू?"

ती खिडकीतून मान बाहेर काढून वाकली. पंपाजवळ क्लबाची विमानं दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका पाठमोरे होते. वाकून चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा उचलत होते. पंपाची मोटर चालू होती, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. तिनं किंकाळी फोडली आणि इंजिनाची किल्ली बंद केली. किल्ली पुढे होती, तिच्या हाताशी. इंजिन मेलं, पण नाकावरचा पंखा लगेच थांबत नाही. उरलेले दोन-चार फेरे त्यानं घेतलेच.

मिस्त्रीकाकांचा उजवा हात कोपराखाली गेला.

तिनं आपली ओढणी त्यांच्या दंडाला आवळून बांधली आणि गाडी येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पाहुणे पांगले होते. दादा विमानाच्या पंखाला टेकून उभा होता आणि सारखं म्हणत होता, "तो मध्ये आलाच कसा? मध्ये आलाच कसा?"

नंतर दादा तिच्या घरी आला तो आईला बरोबर घेऊन. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. चहा कुणी घेतला नाही.

"माझ्याकडे परवानगीच नव्हती चालवायची," दादा म्हणाला. "हे बाहेर आलं तर क्लबाला कुलूप लागेल. तू मागं होतीस असं म्हटलं, तर तो निव्वळ अपघात. थोडे दिवस तुझं लायसन्स ठेवून घेतील, मग परत देतील."

"आणि माझ्या हातून मिस्त्रीकाकांचा हात गेला, हे?"

"कुणी मुद्दाम केलंय का?"

"दादा, मी सांगत होते तुला. ओरडत होते."

तो टेबलावरच्या पाण्याच्या थेंबात बोट फिरवत बसला. मग आई बोलली.

"घरातलं घरात राहू दे गं. त्याला दोन पोरं आहेत. बापाचं नाक कापलं गेलेलं त्यांनी बघायचं का?"

"आणि माझं?"

"तू एकटी आहेस," आई म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. "एकट्या माणसाचं निभतं."

ती नाही म्हणाली. रडली, पण नाहीच म्हणाली. आईनं पदर सावरला आणि दादाला म्हणाली, "चल. हिला आता आपण कुणी नाही."

चौकशीला आलेला अधिकारी सभ्य होता. त्यानं तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाहुण्यांना विचारलं तर ते एकमेकांचे फोटो काढत होते, कोण कुठं बसलं याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दादानं खाली मान घालून सांगितलं, "बहीण आहे माझी. मी काय बोलू?" हे ऐकून अधिकाऱ्याला त्याची कणवच आली.

तिला काळजी नव्हती. मिस्त्रीकाका होते. वडिलांच्या काळापासूनचे, तिला खांद्यावर बसवून विमानाच्या काचा पुसायला देणारे. पंखा त्यांना लागला तेव्हा त्यांनी वळून वर बघितलं होतं. तिचा चेहरा पुढच्या खिडकीत त्यांच्यापासून चार हातांवर होता.

मिस्त्रीकाका आले. रिकामी बाही पिनेनं वर टोचलेली. अधिकाऱ्यानं विचारलं, "मागच्या सीटवर कोण होतं?"

त्यांनी जमिनीकडे बघितलं. "ताई होत्या," ते म्हणाले.

तिला वाटलं त्यांनी प्रश्न नीट ऐकला नसावा. "काका," ती म्हणाली, "मागच्या सीटवर विचारताहेत."

"हो. ताईच होत्या मागं."

मग तिला कुणी काही विचारलं नाही.

लायसन्स गेलं. ती आपलं सामान घ्यायला क्लबात आली, तेव्हा फाटकावर मिस्त्रीकाका नव्या खुर्चीवर बसले होते. आडवा दांडा वर करायचा आणि खाली सोडायचा, हे आता त्यांचं काम. जाताना तिनं गाडी त्यांच्याजवळ थांबवली.

"इंजिन तुम्ही बंद केलंत म्हणून मी जिवंत आहे, ताई," ते म्हणाले. "ते विसरलो नाही मी."

"मग ते का नाही सांगितलंत?"

"किल्ली पुढं असते. ते सांगितलं असतं, तर तुम्ही पुढं होता हेही सांगावं लागलं असतं." त्यांनी रिकाम्या बाहीकडे बघितलं. "एका हाताचा मिस्त्री कोण ठेवतो? दादांनी ठेवलं. मला घर आहे, ताई."

"मलाही होतं, काका," ती म्हणाली.

त्यांनी दांडा वर केला. ती गेली.

आता दादानं नवा शिक्षक आणलाय. हसतमुख आहे, झटपट काम उरकतो. पाहुण्यांतले बहुतेक सभासद झाले. आई दर रविवारी फोन करते, "जेवायला ये गं, किती दिवस धरून बसशील?" तीही दर रविवारी विचारते, "दादा येणार आहे का?"

दादा येणारच असतो.